पहिला शब्द

चाचणीच्या खोलीचं दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे आईचा आवाज बाहेर बाकापर्यंत येत होता. ती गात होती.

आत रिद्धी मॅडम एकेक शब्द सावकाश वाचायच्या. बदक, साबण, विहीर, टोपी, आरसा. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही असे शब्द. मग म्हणायच्या, "आता आठवतील तेवढे सांगा." आणि आई ते सांगत नव्हती, हळदीच्या चालीवर लावत होती. बदक आणा गो, साबण आणा गो, विहिरीवरचं पाणी आणा गो.

जमुनाआत्याने मला कोपराने ढोसलं. "ऐकतंस ना? मुंबईच्या बाईलापन हळद लावली हिने."

बाबा हसले. मुंबईच्या त्या मोठ्या हॉस्पिटलात आल्यापासून ते पहिल्यांदाच हसले होते. आईला व्हिडिओ लावलेल्या खोलीत डोक्याला तारा चिकटवून ठेवलं होतं, तेव्हा ते पूर्ण वेळ खिडकीकडे तोंड करून बसले होते. आज मात्र त्यांच्या ओळखीचं काहीतरी ऐकू येत होतं.

"शब्दांचं झालं, आता चित्रं काढायला देणार आहे," मॅडम दारात येऊन म्हणाल्या. "अर्ध्या तासाने तेच शब्द पुन्हा विचारीन. तोवर कोणी आत येऊ नका."

मी खाली स्कॅनची सीडी आणायला गेले. खिडकीशी रांग होती. परत आले तेव्हा बाबा बाकावर डुलक्या घेत होते आणि आत्या दाराशी उभी होती. मला बघून म्हणाली, "बसून बसून पाय धरले गो."

मग मॅडमनी आम्हां तिघांना आत बोलावलं आणि आईला बाहेर बसवलं. मॅडम वयाने माझ्याएवढ्याच असतील. आवाज शांत होता. त्यांनी विचारलं, "घरी कशा असतात? रोजच्या गोष्टी विसरतात का?"

"विसरतात," मी म्हणाले. "फोनवर सांगितलेलं दुसऱ्या दिवशी लक्षात नसतं. कालवणात मीठ दोनदा पडतं. दाराशी आलेल्या ओळखीच्या माणसाचं नाव..."

"ही बोईसरला राहते," आत्या मधेच म्हणाली. "हिला काय ठावं? मॅडम, शकूवहिनीच्या डोक्यात अख्ख्या सातपाटीची लग्नं हायत. कोणाच्या हळदीला काय म्हटलं, कोणाच्या वरातीला काय म्हटलं, विचारा. विसरंल ती? आमच्या गावात हिच्यासारखी दुसरी नाय."

"खरं आहे का?" मॅडमनी बाबांना विचारलं.

बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा बहिणीकडे. "गाणी तर एकपन नाय विसरत," ते म्हणाले. छाती थोडी पुढे आली होती.

मॅडमनी ते लिहून घेतलं.

आमच्याकडे लग्नाला भटजी येतो, पण हळद दळण्यापासून वरात दाराशी पोचेपर्यंत प्रत्येक गोष्टीला तिचं तिचं गाणं लागतं. ते पुढे होऊन म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. तिच्या मागून ओळ उचलायला एक जोडीदारीण असते. आई धवलारीण होती आणि आत्या तिची जोडीदारीण. मी लहान असल्यापासून दोघींना लोकांनी एकत्रच पाहिलं आहे. एकीला आमंत्रण म्हणजे दोघींना आमंत्रण.

आईला फिट यायची, ती ह्या जोडीहूनही जुनी. चालताबोलता आई थांबायची, नजर एका जागी खिळायची, काही चघळत असल्यासारखे ओठ हलायचे आणि डावा हात पदराची कड चिमटीत धरून ओढत राहायचा. बघणाऱ्याला वाटावं, बाईला काहीतरी आठवत नाहीये. कधी ते तेवढ्यावर थांबायचं, कधी ती पडायची. मांडवात असं झालं की मागच्या बायका तीच ओळ परत परत म्हणत राहायच्या, आत्या तिला धरून खाली बसवायची आणि कोणीतरी पुढे होऊन उभं राहायचं, आडोसा करायला. गावाला माहीत होतं आणि गावाला माहीत नव्हतं. बोंबील वाळत घालताना पडली तर "ऊन लागलं." धक्क्यावर पडली तर "उपास होता." माझ्या लग्नाच्या वेळी मुलाकडच्यांना तर "चक्कर येते" एवढंही सांगितलं नव्हतं. मीच सांगितलं, आणि आत्या माझ्याशी बरेच दिवस बोलली नाही.

गोळ्या बदलल्या, वाढवल्या, परत बदलल्या. गोळ्यांनी ती सुस्तावली, हिरड्या सुजल्या, फिट थांबली नाही. पालघरच्या डॉक्टरांनी शेवटी सांगितलं, मुंबईला जा, ऑपरेशन होतंय का बघा. ते ऐकून घरात सगळ्यात पहिली कोण तयार झाली असेल तर ती आई.

तपासण्यांचा निकाल सांगायला सर्जननी आम्हांला बोलावलं. रिद्धी मॅडम बाजूला बसल्या होत्या. सर्जन वयस्कर होते, घाई करत नव्हते. त्यांनी संगणकावर आईच्या मेंदूचं चित्र लावलं.

"डाव्या बाजूला, कानाच्या आत खोलवर, हा एवढासा भाग सुकला आहे. फिट इथून उठते. हा काढला तर फिट थांबण्याची शक्यता चांगली आहे. खात्री नाही, पण चांगली." मग ते चित्रावरून आमच्याकडे वळले. "अडचण अशी आहे की शब्दांची आठवणही ह्याच बाजूला असते. बऱ्याच पेशंटमध्ये हा भाग आधीच निकामी झालेला असतो. मग तो काढून फारसं काही जात नाही, आम्हीही निर्धास्त असतो. ह्यांची परीक्षा मात्र चांगली आली. अर्ध्या तासाने विचारलेले शब्दसुद्धा सगळे सांगितले. म्हणजे तो भाग अजून काम करतोय. जेवढं शाबूत, तेवढं जाण्याचा धोका जास्त. नावं अडतील. नवीन सांगितलेलं राहणार नाही. गाणी जाऊ शकतात."

"गाणी?" बाबा म्हणाले.

"आन फिटी?" आईने विचारलं.

"फिट थांबू शकते."

"मंग कापा."

सर्जनना हसू आलं. बाबाही हसले, पण घाईघाईने. "ती गमतीत बोलते डॉक्टर. तिची सवय हाय."

"मी गमतीत नाय बोलत," आई म्हणाली.

खोलीत आईचं वाक्य सगळ्यांनी ऐकलं. मी तिथे होते, म्हणून सांगू शकते. सर्जननी मान हलवली आणि बाबांकडे बघून म्हणाले, "घरी सगळ्यांनी बसून ठरवा." सगळ्यांनी म्हणजे ज्यांच्या डोक्याला हात लागणार नव्हता त्यांनी.

तेव्हा रिद्धी मॅडम बोलल्या. "सर, मला परत एकदा बघायचंय. शब्द त्या चालीवर बसवत होत्या. आणि अर्ध्या तासानंतर विचारलं तेव्हा बराच वेळ गप्प होत्या, मी कागद उलटत होते, तेवढ्यात सगळे शब्द एका दमात आले. मला ते वेगळं वाटलं. दुसरी चाचणी घेते, चाल लावता येणार नाही अशी." त्यांनी मला बाजूला घेऊन वेगळं सांगितलं, "तुम्ही म्हणता तसं त्या खरंच विसरत असतील, तर ते चाचणीत दिसायला हवं. ते दिसलं तर ऑपरेशन सोपं होतं, अवघड नाही." तारीख त्यांनीच काढून दिली.

परतताना आई माझ्याकडे बोईसरला उतरली. मी तिथे एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी करते. नवऱ्याची दुसरी पाळी होती, घरात आम्ही दोघीच. तिने चहा घेतला, खोल्या हिंडून बघितल्या, न्हाणीघरात डोकावली.

"कडी चांगली हाय गो," ती म्हणाली. बोटाने कडी सरकवून बघितली. पुढे, मागे.

"तुला अंघोळ करायची आहे का?"

"आज नको. आज तू दाराशी बसशील आन सारखी विचारशील, आये, हायस का, आये, हायस का." तिने माझी नक्कल केली, अगदी माझ्या आवाजात. "तू जन्मलीस तवापासून मी कडी लावून अंघोळ नाय केली. पयली सासू बसायची भायेर, मंग जमुना, मंग तू शाळेचं पुस्तक घेऊन बसायचीस. ऑपरेशन झालं का पयली अंघोळ इथं. तू टीवी बघत बस. मोठ्यान लाव."

"आणि गाणी गेली तर?"

"जाऊ देत. लोकांच्या पोरींना किती नवरे मिळवून दिले, आता बस." मग म्हणाली, "उन्नती, मी म्हटलं कापा, तर ते हसले का गो?"

मी चहाचे कप विसळायला घेतले.

तारीख आली ती मेहुलच्या हळदीच्या दिवशी. मेहुल म्हणजे आमच्याच आळीतल्या, तीन बोटी असलेल्या घरातला धाकटा. मी आदल्या दिवशी आईला न्यायला सातपाटीला गेले, तर अंगणात पिशवी भरलेली नव्हती आणि आत्या बाजेवर बसलेली होती.

"चाचणी काय, पुढच्या महिन्यात होईल," बाबा म्हणाले. "हळद पुढं ढकलता येते का?"

"बाबा, आई आजारी आहे."

"आज आजारी पडली का ती? इतकी वर्षं निभावलं ना आमी?"

"तुम्ही निभावलं?" मी म्हणाले. "पडते कोण?"

"आवाज खाली कर," आत्या म्हणाली. "शेजारी ऐकतील."

आई ओट्यावर बसून बोंबील वेगळे करत होती. हात न थांबवता म्हणाली, "मी जाते उन्नतीबरोबर. हळद जमुना म्हणंल."

आत्याचा चेहरा मला आजही दिसतो. ती बाजेवरून उठली, परत बसली. "मी एकटी? मी कशी एकटी म्हणू? तुला काय कळतं का, वहिनी? लोक काय म्हणतील, धवलारीण कुठं गेली? उद्या खालच्या आळीतल्या बाया मांडवात उभ्या राहतील, मंग बसा घरी!"

"म्हणू देत."

"एवढा शीझन. पुंडलिक, सांग हिला. एवढा शीझन होऊ दे, मंग डोकं काप, हात काप, काय कापायचं ते काप."

बाबांनी सांगितलं. मी भांडले. आईने बोंबलांची पाटी उचलली आणि आत गेली. आमच्या घरात बाईने पाटी उचलून आत जाणं म्हणजे काय, ते सगळ्यांना कळतं. त्याला होकार म्हणायची सोयही सगळ्यांना कळते.

मेहुलच्या हळदीला ती गायली. चांगली गायली म्हणे. मी गेले नाही. मॅडमनी फोनवर पुढची तारीख दिली, लग्नसराई संपल्यानंतरची.

त्या तारखेआधीच एका सकाळी बाबा बर्फाच्या कारखान्यात कामाला जायला उठले. आई पालथी झोपली होती, तोंड उशीत. त्यांना वाटलं, काल वरातीत दमली असेल, झोपू दे. ते चहा स्वतः करून पिऊन गेले. आत्या आली तेव्हा अंग गार झालं होतं. झोपेत फिट आली असणार, डॉक्टर म्हणाले. असं होतं, कोणालाही न कळता. गोळ्यांनी फिट न थांबणाऱ्यांत जास्त होतं.

ऑपरेशन झालं असतं तर आई जगली असती, असं मी म्हणत नाही. मला जे वाचता येतं ते मी सगळं वाचलं आहे, आणि त्यात खात्री कुठेच नाही. पण तिने जे मागितलं ते तिला कोणी दिलं नाही. एवढं म्हणायला मला काही वाचावं लागत नाही.

लोक भेटायला येत होते. "झोपेत गेली, पुण्यवान बाई." "शेवटपर्यंत गात होती, असं मरण कोणाला येतं?" राहीबाई नावाची म्हातारी, मांडवात मागच्या रांगेत उभी राहणारी, माझा हात धरून म्हणाली, "देवानं तिचा गळा तसाच ठेवला गो, दवाखान्यात नासू नाय दिला." मी हात सोडवून घेतला. नाक्यावर मंडळाने फ्लेक्स लावला. आईचा कुठल्यातरी लग्नातला फोटो, कपाळावर हळद, आणि खाली मोठ्या अक्षरांत, सातपाटीचा सूर हरपला. त्या फोटोत आईची नजर एका जागी खिळलेली आहे आणि डाव्या हाताच्या चिमटीत पदराची कड आहे. तिला त्या क्षणी फिट येत होती. गावात कोणाला ते दिसलं नाही, किंवा दिसलं आणि फोटो चांगला आहे म्हणून निवडला.

कार्य झाल्यानंतर मी आईची कपाटं आवरायला थांबले होते, तेव्हा आत्या आली. दारातच उभी राहिली. एरवी ती आमच्या घरात विचारून येत नाही.

"एक काम होतं पोरी. तुझ्या फोनमधी आईचे व्हिडिओ असतील ना?"

"कशाला?"

"खालच्या आळीत लगीन हाय. मला बोलावलंय. वहिनीची गाणी ऐकून बसवीन म्हणते. मंडळाची पोरंपन मागतात, गाणी जपून ठेवायची म्हणतात."

"तुला येतात की. जन्मभर बरोबर म्हटलीस."

आत्या खाली बसली. पदर सारखा केला. मग जे बोलली ते इतक्या साधेपणाने बोलली, की मला आधी कळलंच नाही.

"मला पयले शब्द येतात. सगळ्या गाण्यांचे. मधली मला नाय येत. वहिनीचं उलटं होतं. पयला शब्द नाय यायचा तिला. उभी राहायची नुसती. मंग मी मागून हळूच द्यायची, खोकल्यासारखा, कोणाला नाय कळायचा. एकदा दिला का गाडी सुटली, मंग शेवटपर्यंत थांबायची नाय. कितीतरी वर्षं चाललं होतं आमचं. भायेर कळलं असतं तर कोणी बोलावलं असतं का आमाला?"

"कधीपासून तिला सुरुवात आठवत नव्हती?"

"तू कॉलेजात होतीस, तवापासून. वाढतच गेलं." ती स्वतःशीच हसली. "मुंबईलापन तेच. ती बाई विचारते, मघाचे शब्द सांगा, आन ही बघतेय नुसती भिंतीकडं. मी दाराशी होते. मला नाय बघवलं. दिला पयला शब्द. बदक."

मी हातातली साडी खाली ठेवली.

"काय झालं?" आत्या म्हणाली. "नापास झाली असती ना ती, सगळ्यांसमोर."

तिला समजावून सांगता आलं असतं. नापास होणं म्हणजेच पास होणं होतं, भिंतीकडे बघत ती गप्प बसली असती तर डॉक्टर निर्धास्त झाले असते, दुसरी तारीख लागलीच नसती. सगळी वाक्यं माझ्याकडे तयार होती. मी एकही वापरलं नाही. मी फोन काढला.

आईचे व्हिडिओ माझ्याकडे होते. गाण्याचा एकही नव्हता. गाणं तर कधीही ऐकता येईल असं वाटायचं. पालघरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की फिट आली तर चित्रण करा, उपचाराला उपयोग होतो. तेवढेच होते. मी त्यातला एक लावला आणि फोन आत्याच्या हातात दिला.

"आवाज मोठा कर," ती म्हणाली. तिला वाटलं गाणं आहे.

मी मोठा केला.

ह्याच घराच्या मधल्या खोलीतलं होतं. आई तांदूळ निवडता निवडता थांबते. ओठ हलायला लागतात. डावा हात पदराशी जातो. मग मान एका बाजूला वळते, घशातून आवाज निघतो, आणि ती तांदळावर कलंडते. सूप उलटतं. अंग ताठ होतं, झटके सुरू होतात. चित्राबाहेरून आत्याचा आवाज येतो, घाबरलेला, चिडलेला. "अगो दार लाव! फोन काय धरतेस? दार लाव पयलं, कोणी बघंल!"

आत्याने स्वतःचा आवाज ऐकला. फोन माझ्याकडे परत करायला तिने हात पुढे केला. मी घेतला नाही. मग तिने तो मांडीवर ठेवला आणि बघत राहिली. झटके संपेपर्यंत. आईचा घरघरणारा श्वास खोलीभर ऐकू येत होता. दार उघडंच होतं. अंगणातून कोणीतरी गेलं, आत्याने वळून बघितलं नाही.

व्हिडिओच्या शेवटी आईचा चेहरा जवळून आहे. गालाला तांदूळ चिकटलेले, तोंडाच्या कडेने फेस. चित्र तिथे थांबलं.

आत्याने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि फोनच्या काचेवरून, आईच्या तोंडाच्या कडेने, हलकेच पुसलं. एकदा, मग परत एकदा. बोट लागून व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. आई तांदूळ निवडत होती. तो कसा थांबवायचा हे आत्याला येत नव्हतं.

मी कपाटाकडे वळले आणि राहिलेल्या साड्यांच्या घड्या घालू लागले.